खिडकीकडची जागा

१

कुणीतरी त्या कॉम्प्युटरला हात लावला होता. मी नसताना, मला न विचारता, आणि नेमका त्याच दिवशी. ज्याने हे केलं त्याला दुपारी समरीनची मुलाखत आहे हे ठाऊक नव्हतं, असं मला कुणी सांगू नये. आमच्या गावात कुणाकडे कुठली मासळी शिजतेय हे जेवणाआधी वाडीभर कळलेलं असतं.

आदल्या संध्याकाळी तो कॉम्प्युटर व्यवस्थित चालत होता. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

आमचं ग्रामवाचनालय पावस गावाला जाणाऱ्या रस्त्याला, खाडीकडे उतरणाऱ्या वळणावर आहे. जांभ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी. आत पुस्तकांची कपाटं आणि एक कॉम्प्युटर. कुणातरी मुंबईकराने नवा घेतल्यावर जुना गावाला दिला होता. त्यात कुठूनतरी चोरून घातलेली सिस्टिम होती आणि ती सुरू व्हायला जितका वेळ लागायचा तेवढ्यात माणूस खाडीवर जाऊन आला असता. दिवाळीत मी ती पुसली आणि लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टिम घातली. गावातल्या मुलांना कॉम्प्युटर वापरायला कुणाच्या परवान्याची गरज पडू नये, इतकं साधं माझं म्हणणं आहे. कॉलेजात यावर मी तासभर बोलू शकायचे. गावात ऐकणारे कमी.

पण आधी घातलेला डेस्कटॉप अगदीच उघडाबोडका होता. एक पट्टी, दोन चौकोन, बस. लोक बिचकायचे. म्हणून मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी मी नवा डेस्कटॉप बसवला. सगळं मराठीत, मोठी चित्रं, मोठी अक्षरं. बंद करून पुन्हा चालू केला तेव्हा पडद्यावर 'नमस्कार' आलं आणि समरीनने टाळी वाजवली.

"ताई, हा तर शहाण्यासारखा दिसायला लागला."

समरीन बारावी झाली होती. तिची आई बिल्किसचाची ओहोटीला खाडीत कालवं काढते, वडील अयूबचाचा कुवेतला टगबोटीवर आहेत. पुण्यातल्या एका संस्थेत समुद्राच्या जीवशास्त्राचा अभ्यासक्रम होता, राहणं-जेवण सगळं संस्थेचं. लेखी परीक्षा ती पास झाली होती. उरली होती मुलाखत. ऑनलाइन, मोबाइल चालणार नाही, खोलीचं दार बंद हवं आणि उमेदवार एकटा हवा. एकदा चुकलेल्याला पुन्हा संधी नाही, असंही त्यांनी ठळक अक्षरांत कळवलं होतं. माझा लॅपटॉप भावाने पुण्याला नेला होता, तेव्हा वाचनालयाचा कॉम्प्युटर हाच आधार.

समरीन गेल्यावर मी मशीन बंद केलं आणि जाताना आणखी एक काम केलं. कॉम्प्युटरसमोरचं ते जुनं लांबलचक बाकडं ओढत पडवीत नेलं आणि त्या जागी हात नसलेली एक प्लॅस्टिकची खुर्ची ठेवली. कॅमेऱ्यात एकट्या मुलीशेजारी लांब रिकामं बाकडं बरं दिसलं नसतं.

२

सकाळी बटण दाबलं. पंखा घुमला, हिरवा दिवा लागला, बनवणाऱ्याचं चिन्ह येऊन गेलं. मग पडदा काळा झाला. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेघ लुकलुकत राहिली.

मी थांबले. मला थांबता येत नाही, पण थांबले.

'नमस्कार' काही आलं नाही. पुन्हा बंद, पुन्हा चालू. तेच. केबल काढून लावली. तेच.

नवा डेस्कटॉप बसवल्यावर असं होऊ शकतं. आत घेणारा, म्हणजे लॉगिनचा, पडदा दाखवणारे दोन प्रोग्रॅम एकाच वेळी मशीनवर राहतात आणि मी आधी, मी आधी, करत एकमेकांच्या पायात येतात. पण तसं असतं तर ते काल संध्याकाळीच व्हायला हवं होतं. काल तो उघडला होता. काल ते आज यांच्यात काहीतरी बदललं होतं, आणि मशीन आपणहून बदलत नाही.

आत्माराम आप्पा आले. वाचनालयाची किल्ली त्यांच्याकडे असते. ते ग्रंथपाल, शिपाई आणि खजिनदार आहेत, शिवाय मागच्या खोलीत गवताच्या आढीत घातलेल्या त्यांच्या स्वतःच्या हापूसचे राखणदारही. चप्पल काढता काढता ते दारातच अडकले.

"आप्पा, काल माझ्यानंतर इथे कोण आलं होतं?"

"बाकडं कुठं गेलं गो?"

"पडवीत आहे. तुम्ही त्याच्यावरूनच आत आलात. मी विचारतेय, कोण आलं होतं?"

"पडवीत कशाला? खारी हवा लागते."

"फणसाचं लाकूड आहे, त्याला काही होत नाही. किल्ली कुणाला दिली होती?"

आप्पांनी कमरेला हात लावला. "किल्ली माझ्याजवळ. झोपेत पण असते. आमची ही म्हणते, लग्न तिच्याशीच करायचं होतंत."

"म्हणजे कुणी आलं नाही?"

त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. मग खिडकीकडे. मग उगाच आढी बघायला मागच्या खोलीत गेले आणि तिथून म्हणाले, "बाहेरून नाय कोण आलं."

३

त्या बाकड्याबद्दल सांगायला हवं, कारण त्या दिवशी जो तो मला कॉम्प्युटर सोडून तेच विचारत होता.

त्यावर तिघं सहज मावतात. बसायचे मात्र दोघंच. उजवीकडचं, खिडकीकडचं टोक रिकामं असायचं. आणि जो कुणी बसायला यायचा तो त्या रिकाम्या टोकाकडे बघून आधी म्हणायचा, "सरा जरा." एस.टी.त म्हणतात तसं, सहज. म्हणून झालं की जरासा थांबायचा, समोरच्याला सरायला वेळ लागतो तितका, आणि मग टेकायचा. वर्तमानपत्र वाचायला येणारे म्हातारे म्हणायचे, गेम खेळायला येणारी पोरं म्हणायची. समरीनही म्हणायची.

पुण्याहून शिकून आल्या आल्या मी विचारलं होतं, हे कुणाला म्हणता? कुणी म्हणालं, सवय. कुणी म्हणालं, आमचे बाबा म्हणायचे. आप्पा म्हणाले, "तुला काय त्रास होतो काय त्याचा?" कुणीही नाव घेतलं नाही, गोष्ट सांगितली नाही. कोकणात दर झाडाखाली एक गोष्ट असते आणि विचारलं नाही तरी सांगतात. इथे विचारूनही कुणी सांगेना, हेच मला खटकायचं. मी त्याला अंधश्रद्धा म्हणायचे. ते त्याला रीत म्हणायचे.

बाकडं ओढताना एक गोष्ट माझ्या हाताला लागली होती. ज्या टोकाला माणसं बसतात तिथलं लाकूड खरबरीत होतं, जागोजागी टवके उडालेले. खिडकीकडचं टोक, जिथं कुणी बसत नाही, ते मात्र गुळगुळीत होतं. वर्षानुवर्षं धोतराने पुसल्यासारखं. मध्ये एक उथळ खळगासुद्धा होता.

खिडकीतून ऊन येतं, उन्हाने लाकूड आटतं. मी तेवढंच म्हटलं आणि ओढत राहिले.

४

माझा पहिला संशय संदेशवर होता. वाचनालयाचा सगळ्यांत जुना गेमबहाद्दर. मी जुनी सिस्टिम पुसली तेव्हा त्याचा कुठलातरी विक्रम पुसला गेला होता आणि गणपतीपर्यंत बोलणार नाही असं त्याने जाहीर केलं होतं. मी फोन लावला.

"बागेत आहे गो. पेट्या भरतोय. काय?"

"काल वाचनालयात गेला होतास?"

"मी? काल दिवसभर झाडावर होतो. खाली उतरलो तो जेवायला."

"कॉम्प्युटर सुरू होत नाहीये, संदेश. समरीनची मुलाखत आहे आज. मस्करी असेल तर आत्ता सांग, मी रागावणार नाही."

"तू रागावणार नाहीस?" तो हसला. "आप्पांना दे फोन, त्यांना पण ऐकव." मग त्याचा आवाज जरा बदलला. "काय झालंय नक्की?"

"पडदा काळा. आत घेत नाही."

"तू काही हलवलंस काय तिथलं?"

"बाकडं बाहेर काढलंय फक्त."

पलीकडे पेट्यांना खिळे ठोकणं एकदम थांबलं.

"संदेश?"

"मला कॉम्प्युटरमधलं काय कळत नाय," तो म्हणाला. "पण येऊ नको म्हणालीस तरी चालेल."

"मी ये म्हणालेच नाहीये."

"मग बरंच झालं."

फोन ठेवल्यावर मला वेगळीच शंका आली, आणि ती आल्यावर माझं डोकं तापलं. हे सगळं समरीनसाठी तर नव्हतं? मोहल्ल्यातली मुलगी वाचनालयात एकटी, दार लावून बसणार, पुण्याला जाणार. तोंडावर कुणी काही बोललं नव्हतं. तोंडावर कुणी बोलतच नाही. बाकड्याचं निमित्त पुढे करायचं आणि मशीन बंद पाडायचं, इतकं सोपं.

मी मागच्या खोलीत जाऊन आप्पांना हे सरळ सुनावलं. ते गवत चाचपत होते. मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांना राग आला नव्हता. वाईट वाटलं होतं, आणि ते मला जास्त लागलं.

"ती पोर माझ्याकडून पुस्तकं नेत्ये ती चौथीपासून," ते म्हणाले. "रत्नागिरीला ने तिला. आत्ताची गाडी मिळेल. माझ्या भाच्याकडं कॉम्प्युटर हाय."

"मग गावात वाचनालय कशाला ठेवलंय? हापूस पिकवायला?"

ते पुन्हा गवत चाचपायला लागले. वळणावर गाडीचा हॉर्न वाजला आणि गाडी निघून गेली.

५

मी कामाला बसले. पडदा काळा असला तरी मशीन जिवंत असतं. कंट्रोल, ऑल्ट आणि वरच्या रांगेतली एक कळ दाबली की मागच्या दाराने आत जाता येतं. तिथे चित्रं नसतात, नुसती अक्षरं. मला तीच आवडतात. अक्षरं लपवाछपवी करत नाहीत.

दोन प्रोग्रॅम भांडत होते का? नव्हते, तरी एक काढून टाकला. डिस्क भरली होती का? नव्हती. नवा डेस्कटॉप पुसून पुन्हा बसवला. मोबाइलच्या इंटरनेटवर ते काम मुंगीच्या पावलाने चाललं. बाहेर ऊन चढलं, रस्त्यावरची वर्दळ थांबली. सगळं गाव बागांत होतं. वाचनालयात पंख्याची कुरकुर, आणि आढीतल्या आंब्यांचा तो जड, गोड वास.

पुन्हा सुरू केलं. पुन्हा काळा पडदा, कोपऱ्यात रेघ.

मग मी तिथेच बसून त्या रेघेकडे पाहत राहिले. काळा पडदा आरशासारखा असतो. त्यात मागचं कपाट दिसत होतं, उजव्या अंगाला जरा मागे असलेल्या खिडकीचा पांढरा चौकोन दिसत होता, आणि मी. मला आधी कळलं नाही काय चुकतंय. मग कळलं. मी खुर्चीच्या डाव्या कडेला बसले होते. अगदी कडेला, एक पाय जवळजवळ बाहेर. प्लॅस्टिकच्या त्या एवढ्याशा खुर्चीची उजवी अर्धी बाजू मी मोकळी सोडली होती आणि सकाळपासून तशीच बसून काम करत होते.

माझी कंबर म्हणून दुखत होती तर.

मी मध्ये सरकायला गेले. सरकले नाही. सरकावंसं वाटलं नाही, असं म्हणते. गर्दीच्या गाडीत शेजारच्याच्या अंगावर रेलावंसं वाटत नाही, तसं.

पडद्यातल्या खिडकीचा चौकोन पूर्ण नव्हता. खालचा एक कोपरा कापला गेला होता. तिथे एक उतार होता. खांद्याचा असतो तसा.

मी वळून पाहिलं. खिडकी होती, गज होते, पडवी होती, पडवीत बाकडं होतं. चौकोन पूर्ण होता.

पडद्याला जुनेपणाने एका कडेला फुगवटा आलाय. शिवाय माझी पिशवी खुंटीला होती. पिशवीचा पट्टा असाच उतरता दिसतो. मी उठून पिशवी कपाटावर टाकली आणि पुन्हा पडद्यात पाहिलं नाही. सरळ मागच्या दाराने आत गेले आणि मशीनला विचारलं की आत्ता तुझ्यावर कोण कोण बसलंय. अशी एक आज्ञा असते.

उत्तर दोन ओळींचं आलं. एका ओळीत मी, मागच्या दाराशी. दुसऱ्या ओळीत पुढच्या पडद्यावर कुणीतरी. नावाचा रकाना कोरा. म्हणून नवा डेस्कटॉप उघडत नव्हता. पडदा आणि कीबोर्ड आधीच कुणाच्या तरी ताब्यात होते.

कोऱ्या नावाचा वापरकर्ता तयारच करता येत नाही. मी करून पाहिलं, मशीनने नकार दिला.

शेवटच्या रकान्यात तो किती वेळ हालचाल न करता बसलाय ते दिसतं. तिथे शून्य होतं. मी आज्ञा पुन्हा दिली. पुन्हा शून्य. मी कीबोर्डवरून दोन्ही हात उचलले, मांडीवर ठेवले आणि कुणी कळ दाबतंय का ते ऐकत बसले.

६

समरीन आणि बिल्किसचाची आल्या तेव्हा मी उभी राहूनच काम करत होते. समरीनने नवा फिका निळा ड्रेस घातला होता, ओढणीला पिन लावलेली. हातात शिंपल्यांची एक डबी होती, मुलाखतीत दाखवायला. माझ्या तोंडाकडे बघून ती दारातच थांबली.

"झालं नाही का ताई?"

"होतंय."

बिल्किसचाचीने आत पाऊल टाकलं आणि कॉम्प्युटरकडे पाहिलंसुद्धा नाही. "अगो, बाकडं कुठं?"

"चाची, तुम्हीपण?"

"नाय, मी आपली विचारते." ती आप्पांकडे वळली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. सकाळपासून मी ज्या कटाच्या शोधात होते तो मला तिथे दिसला, आणि त्यात समरीनची आईच सामील होती. मग तो समरीनच्या विरोधात कसा असेल, हे मला सुचलं नाही. सुचलं असतं तरी वेळ नव्हता.

"निशे," आप्पा म्हणाले, "बाकडं आत घेऊ. दोन मिंटांचं काम. मी एक टोक धरतो."

"कॅमेरा खुर्चीच्या उंचीला बांधलाय. आता काहीही हलणार नाही."

"अगो, तिला बसायला—" आप्पा पुढे म्हणत होते.

"तिला बसायला खुर्ची आहे!"

माझा आवाज चढला. समरीन डबीचं झाकण उघडत-लावत होती. घड्याळात बघायची मला भीती वाटत होती. त्या कोऱ्या रकान्याला मी मघापासून सभ्यपणे बाहेर पडायला सांगत होते. तो जायचा आणि परत यायचा. सभ्यपणे सांगण्याची एक आज्ञा असते आणि उचलून बाहेर टाकण्याची दुसरी. दुसरीत कुणाला आपलं काही जपून ठेवायलाही वेळ मिळत नाही. ती मी सहसा वापरत नाही.

ती मी लिहिली. एंटर दाबलं.

खुर्ची कुरकुरली. बसलेलं माणूस उठल्यावर प्लॅस्टिक जसं सुटतं, तसा तो लहानसा आवाज.

"ताई, तुम्ही उठलात?" समरीन शिंपल्यांकडे बघतच म्हणाली.

"मी उभीच आहे."

तिने मान वर केली. माझ्याकडे, मग खुर्चीकडे पाहिलं. पण तितक्यात पडदा उजळला. निळं, स्वच्छ, मोठ्या अक्षरांत 'नमस्कार'. मी टेबलावर हात आपटला. समरीन रडत हसली. बिल्किसचाचीने तिच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं आपल्या कपाळाला लावून मोडली, आणि "मला नाय बघवत, मी घरी दुवा करते" म्हणत ती उतारावरून निघून गेली. एका क्षणापुरती मी जगातल्या सगळ्या आप्पांपेक्षा बरोबर होते.

समरीन खुर्चीपाशी गेली. सवयीने तिचे ओठ हलायला लागले.

"समरीन," मी म्हटलं, "आज नाही. आज कुणाला काही म्हणायचं नाही. कॅमेरा चालू आहे. खुर्ची तुझी आहे, सरळ बस."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुण्याहून शिकून आलेली तिची ताई. तिने तोंड मिटलं आणि बसली.

मागे आप्पा हळू आवाजात म्हणाले, "उठवलंस खरं. आता बसवणार कुठं?"

मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं.

७

पडवीत ते बाकडं होतं. मी त्याच्या एका टोकाला बसले. आप्पा आले, थांबले नाहीत, काही म्हणाले नाहीत, आणि सरळ त्या गुळगुळीत टोकाला, त्या खळग्यात बसले. याआधी त्यांना तिथे बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आज तिकडे कसे बसलात?"

"आज इथं कोण नाय," आप्पा म्हणाले आणि उपरणं तोंडावरून फिरवलं.

आतून आवाज येत होते. मुलाखत घेणाऱ्या बाई मराठी बोलत होत्या, आवाज प्रेमळ होता. समरीनचा आवाज आधी कापला, मग बसला, मग चांगला लागला. कालवं कमी का झाली, असं बाईंनी विचारलं. समरीन सांगायला लागली. पूर्वी आई अर्ध्या ओहोटीत टोपली भरायची, आता पूर्ण ओहोटी लागते. खडकांवर गाळ बसतो, पिल्लांना चिकटायला जागा राहत नाही. "जागा मिळाली नाही तर ती वाहून जातात मॅडम, किंवा मग दुसऱ्याच्या शिंपल्यावरच बसतात." बाई 'वा' म्हणाल्या. माझ्या अंगावर काटा आला, अभिमानाचा. कपाटातली चार जुनी पुस्तकं आणि एक फुकटची सिस्टिम, यांवर हे उभं राहतं. आणखी काय सिद्ध करायचं होतं मला?

मी उठून खिडकीशी गेले. कॅमेऱ्यात येणार नाही अशी, भिंतीला चिकटून. गजांतून समरीन बाजूने दिसत होती.

दिसत होती म्हणजे, मला मान वाकडी करावी लागत होती. मध्ये काही नव्हतं. टेबल, खुर्ची, ती. तरी सरळ पाहिलं की तिचा चेहरा नजरेत येईना, आणि मान थोडी पुढे काढली की यायचा. रांगेत पुढच्याच्या खांद्यावरून बघावं तसं मी बघत होते. गजांमुळे असेल.

ती खुर्चीच्या डाव्या कडेवर बसली होती.

अगदी कडेवर. एक पाय बाहेर, जमिनीवर घट्ट रोवलेला, पडू नये म्हणून. पाठ ताठ. माझ्या बाजूची अर्धी खुर्ची रिकामी. कॅमेऱ्यात ती एका कोपऱ्यात गेली असणार, अर्धीमुर्धी. मुलाखतीत असं वाकडं कोण बसतं? मी हात हलवला. तिची नजर क्षणभर माझ्याकडे आली. मी दोन्ही तळव्यांनी खूण केली, मध्ये सरक, नीट मध्ये बस.

बाईंच्या प्रश्नाला उत्तर देता देता समरीनने मान हलवली. अगदी थोडी, कुणाला कळू नये इतकी. नाही.

मी पुन्हा खूण केली.

तिने डोळे खाली, आपल्या उजव्या बाजूला नेले आणि परत वर आणले. कपाळावर घाम होता. उत्तर ती देतच होती, शब्द न शब्द बरोबर. हातातली डबी तिने छातीशी धरली होती, कोपर अंगाला चिकटवून. अंग चोरून.

"आप्पा," मी मागे न बघता म्हटलं, "बाकडं उचला. एक टोक धरा."

"आता?" आप्पा म्हणाले. "आता दार कसं उघडणार तू?"

एकट्याने बसायचं होतं. दार बंद हवं होतं. मीच तिला ते वाचून दाखवलं होतं, पुन्हा पुन्हा. मी गज धरून उभी राहिले. आत बाईंनी कागद जुळवल्याचा आवाज आला. संपत आलं होतं. खुर्ची पुन्हा एकदा कुरकुरली. या वेळी समरीन हललेली नव्हती.

"समरीन, उत्तरं फार सुंदर दिलीस," बाईंचा तो प्रेमळ आवाज आला, "पण एकटीनं बसायचं असा आमचा नियम होता ना गं, ते मला लिहावं लागेल. आणि आता झालंच आहे तर जरा सरून बस बाळा, त्यांना केव्हापासून अर्ध्याच खुर्चीवर अवघडून बसवलंयस."